केटलिन क्लार्कच्या फलकावर कोणते नाव लिहावे?

मक्याचे कणीस | २० जानेवारी २०२५, रात्री ९:१०

येत्या २ फेब्रुवारीला आयोवा विद्यापीठ आपली माजी बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कचा २२ हा क्रमांक निवृत्त करणार आहे, म्हणजे यापुढे तो दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. त्या दिवशी कार्व्हर-हॉकआय प्रेक्षागारात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध सामना आहे. तिकिटांचे दर आमच्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे आयोवा सिटी आणि सीडर रॅपिड्सच्या आसपासची काही मराठी कुटुंबे एका घरी जमून सामना पाहणार आहेत. मुलींनी एका जुन्या चादरीवर फलक रंगवायला घेतला आहे. काळा आणि पिवळा रंग आणून झाला, कडेने मक्याची कणसेही काढून झाली, परंतु मधली मोठी जागा अजून रिकामी आहे, कारण तिथे तिचे कोणते टोपणनाव लिहायचे यावर एकमत होत नाही.

हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील मोठ्या खेळाडूला टोपणनाव असते, हे अमेरिकेत जवळजवळ गृहीत धरले जाते. लुइझियाना स्टेटचा पीट मॅराव्हिच ‘पिस्टल पीट’ होता, सिनसिनाटीचा ऑस्कर रॉबर्टसन ‘बिग ओ’ होता, ह्यूस्टनचा हकीम ओलाजुवान ‘द ड्रीम’ झाला आणि त्याच संघातला क्लाइड ड्रेक्सलर ‘द ग्लाइड’. या सगळ्यांपेक्षा जास्त गुण महाविद्यालयात करून गेलेल्या क्लार्कला मात्र सर्वांनी एकमुखाने मान्य केलेले एकही टोपणनाव नाही. काही चाहते तिला मॅराव्हिचवरून ‘पोनीटेल पीट’ म्हणतात, काही नुसते ‘सीसी’ म्हणतात. आमच्या घरच्या मुलींनी ‘लोगोवाली’ आणि ‘आयोवा एक्स्प्रेस’ अशी दोन नावे सुचवली आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. टोपणनाव हे खेळाडू मैदानावर जे करते त्यातून निघालेले असावे. तिने कोणाचा विक्रम मोडला, यातून निघालेले नसावे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध तिने केल्सी प्लमचा महिलांमधला ३,५२७ गुणांचा विक्रम मागे टाकला. तो फटका तिने तीस फुटांहून अधिक अंतरावरून, मैदानाच्या मध्यभागी रंगवलेल्या ससाण्याच्या चिन्हाजवळून, म्हणजे लोगोजवळून, मारला होता. महिलांच्या महाविद्यालयीन सामन्यांत तीन गुणांची रेषा २२ फूट १¾ इंचांवर असते. म्हणजे ती रेषा तिच्या दृष्टीने फार अलीकडे होती. तो चेंडू हातातून सुटल्यावर प्रेक्षागारात जो एक श्वास रोखला जायचा, त्याला नाव द्यायचे आहे, आणि ‘पोनीटेल पीट’मध्ये तो श्वास मला ऐकू येत नाही.

तर मंडळी, सुचवा. अट एकच आहे: नाव चादरीवर मावले पाहिजे.

आकडेमोड | २० जानेवारी, रात्री १०:४२

धागाकर्त्याशी मी असहमत आहे आणि ‘पोनीटेल पीट’च्या बाजूने बोलणारा या धाग्यावर बहुधा मी एकटाच असणार आहे.

मॅराव्हिचचा विक्रम म्हणजे काय होते, हे आधी पाहावे. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे, त्यामुळे १९६७ ते १९७० अशा तीनच हंगामांत, ८३ सामन्यांत, त्याने ३,६६७ गुण केले. सरासरी पडते ४४.२. तीन गुणांची रेषाही तेव्हा नव्हती. हा आकडा चौपन्न वर्षे कोणी ओलांडला नाही. अनेक जाणकारांनी तो ‘न मोडणारा’ म्हणून बाजूला काढून ठेवला होता. ३ मार्च २०२४ रोजी ओहायो स्टेटविरुद्ध, मध्यंतराच्या तोंडावर, टेक्निकल फाउलवर मिळालेल्या फ्री थ्रोवर (कोणी अडवत नसताना मारायच्या फटक्यावर) क्लार्कने तो ओलांडला. पुढे १३९ सामन्यांत ३,९५१ गुणांवर, म्हणजे सुमारे २८.४ च्या सरासरीवर, ती थांबली.

तिला चार हंगाम मिळाले आणि रेषाही मिळाली, ही तुलना सर्वांना ठाऊक आहे. तरीही दोघांच्या खेळण्यात एक खरे साम्य आहे, आणि ते आकड्यांच्या पलीकडचे आहे. दोघेही कोणी अपेक्षाही करणार नाही अशा ठिकाणाहून चेंडू फेकत, आणि दोघांचेही पासेस डोळ्यांना चकवणारे असत. लोक हे विसरतात की क्लार्क केवळ गुण करणारी खेळाडू नव्हती. असिस्टमध्येही (सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासमध्ये) ती देशात अग्रस्थानी राहिली. ‘पीट’ या शब्दात ही सगळी वंशावळ येते. आपल्याकडे दिलीप वेंगसरकरांना ‘कर्नल’ म्हणतात ते कोणामुळे? नागपूरला इराणी करंडकाच्या सामन्यात त्यांनी बेदी-प्रसन्ना यांना ज्या रीतीने झोडपले, ते पाहून जुन्या लोकांना कर्नल सी. के. नायडू आठवले म्हणून. त्या उसन्या नावाने वेंगसरकर लहान झाले, असे कोणी म्हणत नाही.

सावळी | २१ जानेवारी, सकाळी ७:२५

आकडेमोड, वेंगसरकरांचे उदाहरण चपखल आहे, परंतु त्यात एक गोष्ट सुटते. नायडूंचे नाव वेंगसरकरांना लावताना कोणी त्याच्या आधी ‘वेणीवाला’ असे विशेषण जोडले नाही. ‘पोनीटेल पीट’ या नावात ‘पीट’ खेळाविषयी बोलतो आणि ‘पोनीटेल’ फक्त एवढेच सांगते की ही बाई आहे. केस मागे बांधणे हे या खेळातल्या जवळजवळ प्रत्येक मुलीने केलेले असते. त्यातून क्लार्कबद्दल काय कळते?

महिलांच्या बास्केटबॉलमध्ये हे पूर्वीपासून चालत आले आहे. ओल्ड डोमिनियनच्या नॅन्सी लिबरमनने १९७९ आणि १९८० अशी सलग दोन वर्षे आपल्या विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९७९ च्या त्याच वसंतात मिशिगन स्टेटचा मॅजिक जॉन्सन पुरुषांचा विजेता झाला. लिबरमनचे टोपणनाव काय पडले, तर ‘लेडी मॅजिक’. टेक्सास टेकच्या शेरिल स्वूप्सने १९९३ च्या अंतिम सामन्यात एकटीने ४७ गुण केले, आणि तिची ओळख करून देताना लोक मायकल जॉर्डनचे नाव घेत राहिले. टेनेसीच्या महिला संघाला कित्येक वर्षे ‘लेडी व्हॉल्स’ म्हणत आले. तिथल्या मुलींना ते नाव प्रिय आहे, हे मला माहीत आहे, तरी पुरुष संघाला ‘जंटलमन व्हॉल्स’ म्हणण्याची वेळ कधी आली नाही. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला माध्यमांनी ‘नॅशनल क्रश’ करून टाकले, तेव्हा तिच्या कव्हर ड्राइव्हबद्दल लिहायला त्यांच्याकडे जागा उरली नव्हती काय, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

चादर मुली रंगवत आहेत. त्यांना उसने नाव देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

माणदेशी | २१ जानेवारी, दुपारी १:०५

‘आयोवा एक्स्प्रेस’ हे नाव वाचून राहवले नाही म्हणून लिहितो आहे. बास्केटबॉल मला फारसा कळत नाही, पण एक्स्प्रेस गाड्यांचे वेळापत्रक चांगले माहीत आहे.

पी. टी. उषा धावू लागल्या तेव्हा त्यांच्या गावावरून ‘पय्योली एक्स्प्रेस’ हे नाव पडले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकू लागली आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ केले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकले. पुढे साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हणून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत धावली. म्हणजे नाव उसनेच आहे, सावळीताई, पण बाईने बाईकडून घेतलेले आहे, आणि प्रत्येकीने त्यात आपले गाव घातले आहे. सावरपाडा हे नाव महाराष्ट्रातल्या किती लोकांनी त्याआधी ऐकले होते?

या कसोटीवर ‘आयोवा एक्स्प्रेस’ अर्धवट उतरते. गाव आहे, पण क्लार्क धावण्यासाठी प्रसिद्ध नाही. धावणाऱ्यांची गाडी फेकणाऱ्याला देऊ नये, असे मला वाटते.

जुना नागपाडा | २१ जानेवारी, रात्री ११:३०

लहानपणी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टावर खेळलो असल्यामुळे टोपणनावे कशी पडतात हे जवळून पाहिले आहे. तिथे कोणाचेही खरे नाव सामन्यात ऐकू यायचे नाही. पण समिती नेमून, सूचना मागवून पडलेले नाव मी एकही पाहिलेले नाही. कोणी एकजण ओरडतो, दुसऱ्या दिवशी चौघे ओरडतात, आणि आठवड्याभरात त्या मुलाची आईही त्याला त्याच नावाने हाक मारू लागते.

अमेरिकेतली मोठी नावेही बहुतेक अशीच एका माणसाच्या तोंडून निघालेली आहेत. अर्विन जॉन्सन लॅन्सिंगच्या एव्हरेट हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांचा असताना त्याने एका सामन्यात ३६ गुण, १८ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणे) आणि १६ असिस्ट केले. सामना संपल्यावर फ्रेड स्टॅबली नावाच्या स्थानिक वार्ताहराने त्याला विचारले की तुला ‘मॅजिक’ म्हटले तर चालेल का. जॉन्सनच्या धार्मिक आईला ते नाव मुळीच आवडले नव्हते, कारण तिला त्यात देवाचा अवमान दिसला. नाव तरीही राहिले. ह्यूस्टनच्या उंच उड्या मारणाऱ्या संघाला १९८३ मध्ये टॉमस बाँक या वार्ताहराने विद्यार्थी-संघटनांच्या ग्रीक नावांची नक्कल करून ‘फाय स्लामा जामा’ म्हटले, आणि महिन्याभरात ते साऱ्या देशाला पाठ झाले. तो संघ त्या वर्षी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून ५४-५२ असा हरला, पण नाव जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांचे लक्षात राहिले आहे.

खेळाडूला नकोसे झालेले नावही चिकटते. कॅन्ससचा विल्ट चेंबरलेन ‘विल्ट द स्टिल्ट’ या नावाला आयुष्यभर वैतागला. घरच्यांनी आणि मित्रांनी दिलेले ‘डिपर’ त्याला आवडायचे, कारण दारातून जाताना तो वाकायचा त्यावरून ते पडले होते. दोन्ही नावे त्याच्या उंचीवरूनच होती. एकात लोक त्याला काठीसारखे पाहत होते आणि दुसऱ्यात घरच्यांच्या दारातून वाकून आत येणारा मुलगा होता.

तेव्हा धागाकर्त्यांना माझा सल्ला असा की नाव निवडू नये. सामन्याच्या दिवशी मुलींच्या तोंडून काय निघते ते ऐकावे आणि चादरीवरची जागा तोवर रिकामी ठेवावी.

मक्याचे कणीस | २२ जानेवारी, सकाळी ६:५०

जुना नागपाडा, सल्ला पटण्यासारखा आहे, पण रंग वाळायला वेळ लागतो.

गेल्या हंगामात कार्व्हरमध्ये प्रत्यक्ष काय ऐकू यायचे, ते सांगतो. ओळख करून देताना निवेदक नाव आणि क्रमांक उच्चारायचा, आणि पंधरा हजार लोकांचा आवाज ‘क्लार्क’ या शब्दाच्या आतच सुरू व्हायचा. कोणतेही टोपणनाव तिथे घोषणा म्हणून उठलेले मी ऐकले नाही. लोकांच्या पाठीवर मात्र सगळीकडे २२ असायचे: आजोबांच्या, नातवंडांच्या, अगदी ढकलगाडीतल्या बाळाच्या अंगावरही. क्रमांक हेच टोपणनाव होऊ शकते काय, असा विचार मनात येतो. तिचा जन्मही २२ जानेवारीचा, म्हणजे आजचाच.

काठावरचा | २२ जानेवारी, दुपारी १२:१५

कायद्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण आपल्यापैकी कोणी ना कोणी लवकरच ‘टी-शर्ट छापून विकू या’ म्हणणार, हे मला दिसते आहे.

टोपणनाव आता चाहत्यांच्या मालकीचे राहिलेले नाही. केंटकीचा अँथनी डेव्हिस २०१२ मध्ये विजेता झाला तेव्हा त्याच्या जोडलेल्या भुवईवरून चाहत्यांनी घोषणा बनवल्या होत्या. व्यावसायिक होताच त्याने ‘फिअर द ब्राउ’ आणि ‘रेझ द ब्राउ’ या दोन्हींसाठी व्यापारचिन्हाचे अर्ज केले. विद्यार्थी असताना त्याला तसे करून पैसे मिळवता आले नसते. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली आणि त्याच महिन्यात कनेटिकटच्या पेज बेकर्सने ‘पेज बकेट्स’ या नावासाठी अर्ज केला. नाव तिच्या आडनावाशी यमक जुळवणारे आहे आणि बकेट म्हणजे बास्केट, तो तर तिचा व्यवसायच. म्हणजे आज टोपणनाव पडते तेव्हा ते पडल्यापडल्या कोणाच्या तरी मालमत्तेत जमा होते.

क्लार्कच्या बाबतीत गंमत अशी की तिला टोपणनावाची गरजच भासली नाही. आयोवातल्या किराणा दुकानांच्या साखळीने तिच्या नावाचे सिरीयल विकले, विमा कंपनीने जाहिराती केल्या, मिशिगनच्या सामन्यानंतर बुटांच्या कंपनीने शर्ट छापले, आणि सगळीकडे ‘केटलिन’ आणि ‘क्लार्क’ हे दोनच शब्द पुरले.

घरच्या चादरीला अर्थात कोणीही अडवणार नाही. विकू नका, म्हणजे झाले.

बायूकाठ | २२ जानेवारी, रात्री १०:०५

बॅटन रूजहून लिहितो आहे, त्यामुळे इथे माझे स्वागत होईल अशी फारशी आशा नाही. २ एप्रिल २०२३ रोजी डॅलसमध्ये एल.एस.यू.ने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) आयोवाला १०२-८५ असे हरवले, हे आधीच नमूद करून ठेवतो.

आमच्या एंजल रीसचे टोपणनाव ‘बायू बार्बी’ (बायू म्हणजे इकडचा दलदलीतला ओढा). सावळी यांच्या कसोटीवर हे नाव पहिल्याच फेरीत बाद होईल: त्यात बाहुली आहे, दिसणे आहे, मैदानावरचे काहीच नाही. पण त्या नावाने तिचे काय केले ते पाहा. त्या हंगामात रीसने ३४ वेळा दुहेरी आकड्यांत गुण आणि रिबाउंड मिळवले, जो विक्रम आहे. रिबाउंड म्हणजे कोपरे, धक्के आणि घामाचे काम. पापण्या लावून, नखे रंगवून ती ते काम करत होती, आणि ‘बार्बी’ या नावामुळे ते काम अधिक ठळक दिसत होते. नाव तिने स्वतः मिरवले, हा मुद्दा महत्त्वाचा. खेळाडूने नाव अंगावर घेतले की मग ते कशावरून पडले हा वाद मागे पडतो.

क्लार्कने ‘पोनीटेल पीट’ मिरवल्याचे मला तरी कधी दिसले नाही. त्या एका कारणासाठी मी आकडेमोड यांच्या विरोधात मत देतो. बाकी अमेरिकेच्या निम्म्या प्रेक्षागारांत तिला ज्या नावांनी हाका मारल्या जात, ती चादरीवर लिहिण्यासारखी नाहीत.

सावळी | २३ जानेवारी, सकाळी ७:४०

बायूकाठ, स्वागत आहे, आणि २०२४ च्या उपांत्यपूर्व फेरीत आयोवाने ९४-८७ असा हिशेब चुकता केला तेव्हा क्लार्कचे ४१ गुण होते, हेही त्याच वहीत नमूद करून ठेवावे. ‘बार्बी’बद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. खेळाडूने स्वतः घेतलेल्या नावाला माझी हरकत नाही. माझी हरकत प्रेक्षकांच्या आळसाला आहे.

मला आणखी एक गोष्ट इथे राहून उमगली, आणि ती क्लार्कला टोपणनाव का चिकटले नाही याच्याशी जोडलेली आहे असे मला वाटते. आयोवातल्या लोकांना मुलींचा बास्केटबॉल नवलाईचा नाही. इथल्या शाळांत १९९३ पर्यंत मुलींचा सहा जणींचा खेळ होता: तिघी फक्त आक्रमणाच्या अर्ध्यात, तिघी फक्त बचावाच्या अर्ध्यात, मधली रेषा ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टप्पा देऊन पुढे न्यायचा. आज ते नियम विचित्र वाटतात, पण त्यामुळे गुण करणाऱ्या मुलींच्या नावावर अफाट आकडे जमा झाले. १९६८ च्या राज्य अंतिम सामन्यात युनियन-व्हिटनने एव्हर्लीला ११३-१०७ असे हरवले, तेव्हा विजेत्यांच्या डेनिस लाँगने ६४ आणि हरणाऱ्यांच्या जनेट ओल्सनने ७६ गुण केले होते. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या व्यावसायिक संघाने पुरुषांच्या खेळाडू-निवडीत (ड्राफ्टमध्ये) लाँगचे नाव घेतले. ती निवड रद्द झाली, परंतु ही गोष्ट इथल्या आज्या आजही काल घडल्यासारखी सांगतात.

अशा राज्यात डे मॉइनची एक मुलगी दूरवरून चेंडू टाकू लागली, तेव्हा लोकांनी तिला ‘कोणासारखी’ असे न म्हणता नावानेच ओळखले. शेजारच्या घरातल्या मुलीला आपण टोपणनाव शोधत बसत नाही. माझ्या शेजारच्या ऐंशीच्या पुढच्या बाई सामना लावला की एवढेच विचारतात, “केटलिनचे किती झाले?” केल्सी प्लम, लिनेट वुडर्ड, मॅराव्हिच यांचे आकडे त्यांनी कागदावर लिहून शीतकपाटाला चिकटवले होते आणि एकेक खोडत गेल्या. त्यातला वुडर्डचा ३,६४९ हा आकडा राष्ट्रीय संघटनेने आपल्या नोंदीत कधी धरलाच नव्हता, कारण १९८१ पर्यंतचा महिलांचा खेळ वेगळ्या संघटनेकडे होता. मॅराव्हिचचा विक्रम मोडला त्या दिवशी वुडर्ड स्वतः कार्व्हरमध्ये हजर होत्या. मला विचाराल तर, नाव उसनेच घ्यायचे असेल तर ते त्यांच्याकडून घ्यावे.

आकडेमोड | २३ जानेवारी, सकाळी ९:१५

वुडर्ड यांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. त्यांच्याही पुढे पर्ल मूर यांचे लहान महाविद्यालयातले ४,०६१ गुण आहेत आणि त्या आकड्यापर्यंत क्लार्कही पोहोचली नाही, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तथापि वुडर्ड यांना लोकांच्या तोंडी बसलेले टोपणनाव नसल्यामुळे उसने घ्यायला काही शिल्लक नाही. उलट माझाच मुद्दा सिद्ध होतो: मॅराव्हिच जगाला आठवतो तो ‘पिस्टल’मुळे. कमरेजवळून पिस्तूल काढावे तसा चेंडू तो शाळेत असताना फेकत असे, त्यावरून पडलेले ते नाव त्याच्या आकड्यांपेक्षा जास्त टिकले. वुडर्ड यांना असे एक नाव असते, तर क्लार्क त्यांना मागे टाकेपर्यंत देश त्यांना विसरला नसता.

माणदेशी | २३ जानेवारी, दुपारी २:३०

हा मात्र विचार करण्यासारखा मुद्दा आहे. खाशाबा जाधवांना परदेशात ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणायचे, आणि १९५२ चे हेलसिंकीचे कांस्य अनेकांना त्या दोन शब्दांसकटच आठवते. पण आकडेमोड, नाव टिकवते हे खरे असले तरी ज्यांना नाव नाही त्यांना विसरण्याचा दोष नावाच्या अभावावर टाकणे थोडे सोयीचे होते आहे. वुडर्ड यांचे आकडे नोंदवहीतच घेतले नव्हते, असे वर सावळीताईंनी लिहिले आहे.

जुना नागपाडा | २३ जानेवारी, रात्री ११:५०

माणदेशी यांच्याशी सहमत. आणि ‘लोगोवाली’ या नावावर कोणी एक शब्द बोलले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. या धाग्यावर आलेल्या नावांपैकी ते एकच असे आहे जे लहान मुलींनी टीव्हीसमोर बसून, ती काय करते ते पाहून उच्चारले. मॅजिकच्या वार्ताहराने तरी वेगळे काय केले होते? ते नाव मराठी आहे, ओरडायला सोपे आहे, त्यात तिचा फटका आहे आणि कोणाचाही बाप, भाऊ किंवा ‘पीट’ नाही. भाजीवालीच्या चालीवर पडलेले असल्यामुळे त्यात एक घरगुती हक्कही आहे.

काठावरचा | २४ जानेवारी, सकाळी ८:२०

‘लोगोवाली’ला माझे मत. कोणी व्यापारचिन्हाचा अर्ज करण्याचीही शक्यता दिसत नाही.

बायूकाठ | २४ जानेवारी, सकाळी ८:५५

विरोधी गोटातून अनुमोदन.

मक्याचे कणीस | ३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

सामना झाला. आयोवाने सदर्न कॅलिफोर्नियाला ७६-६९ असे हरवले आणि २२ हा क्रमांक मिशेल एडवर्ड्सच्या ३० आणि मेगन गुस्टाफसनच्या १० या क्रमांकांबरोबर वर गेला.

चादरीवर शेवटी ‘लोगोवाली’ हेच लिहिले, पण तेवढ्यावर मुलींचे भागले नाही. त्यांनी ‘वा’चा काना इतका लांब ओढला की तो फलकाच्या तळापर्यंत गेला, आणि त्याच्या टोकाशी बास्केट काढली. त्यामुळे २२ साठी जागा उरली नाही. तो आकडा पाठीमागच्या बाजूला गेला. धाकटीने पहिल्या सत्रात ‘लोगोवाली’चा घोष सुरू केला तेव्हा मोठ्यांपैकी कोणीच साथ दिली नाही, कारण क्लार्क खेळतच नव्हती, ती बाकांजवळ साध्या कपड्यांत बसली होती. मध्यंतरानंतर आयोवाच्या दुसऱ्याच एका खेळाडूने रेषेच्या बऱ्याच मागून चेंडू टाकला आणि तो आत गेला, तेव्हा चारही मुली एकदम “लोगोवाली!” असे ओरडल्या. म्हणजे नाव अवघ्या दुपारभरात एका खेळाडूचे न राहता एका फटक्याचे झाले. हे नियमात बसते की नाही, ते जाणकारांनी सांगावे.

आकडेमोड | ३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

बसते. ‘पोनीटेल पीट’ दुसऱ्या कोणाला लावता आले नसते, एवढे नोंदवून मी माझे मत कायम ठेवतो. फलकाचे छायाचित्र इथे टाकावे, ही विनंती. काना खरोखर तळापर्यंत गेला आहे का, ते पाहायचे आहे.